की टाकली तरी पासवर्डच विचारायलाय, रात्रीचा बॅकअप कसा बसवायचा?

टॉवेलवाला_सोलापूर – सोमवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. लै दिवस इथं नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, चुकलं माकलं सांभाळून घ्या. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहे, पगार अकाउंट्सचा घेतो पण कॉम्प्युटरचं जे मोडेल ते माझ्याच टेबलावर येतं. ऑफिसात उबुंटू २२.०४ चा सर्व्हर आहे, त्याच्यावर जॅकार्डच्या डिझाइन फाइली, एक्स्पोर्टची कागदं आणि अकाउंट्सचा बॅकअप. दुसरा सर्व्हर चिंचोळीच्या गोदामात, सेंटओएस ७, जुना आहे पण चालतोय, त्याला स्टॅटिक आयपी (न बदलणारा नेटचा पत्ता) पण आहे. मालकांचं म्हणणं एवढंच की रोज रात्री इकडचं तिकडं गेलं पाहिजे, उद्या इकडं शॉर्टसर्किट झालं तर वीस वर्षांच्या डिझाइन जाळून बसायचं का.

आधीच्या माणसानं बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये एसएसएचपास (एसएसएच म्हणजे दुसऱ्या मशीनवर सुरक्षित शिरायचा रस्ता, हा त्याला पासवर्ड आपोआप पुरवतो) घालून पासवर्ड उघडाच लिहून ठेवलेला. तो सोडून गेला, मी पासवर्ड बदलला, बॅकअप बंद पडला, आणि हे मला कळलं तीन आठवड्यांनी. असो.

आता मी नीट करायचं म्हणून ऑफिसच्या सर्व्हरवर एसएसएच-कीजेननं पासवर्डऐवजी चालणारी ईडी२५५१९ प्रकारची की बनवली, एसएसएच-कॉपी-आयडीनं चिंचोळीच्या 'बॅकअप' युजरला पाठवली, त्यानं "एक की अ‍ॅड झाली" असं सांगितलं पण, आणि तरी आरसिंक (फाइली तिकडं पाठवणारा प्रोग्रॅम) मारला की पासवर्ड विचारायलाय. पासवर्ड दिला की फाइली जातात, म्हणजे नेट ठीक, पोर्ट ठीक. तीनदा नवीन की बनवून झाली. काय राहिलंय?

(मोबाइलवरनं मराठी कीबोर्डनं लिहितोय, कमांडी जशा बोलतो तशा लिहिल्यात.)

कडक_भाकरी – सोमवार, रात्री ११:४१

परमिशनचा लोचा असणार दादा. चिंचोळीच्या मशीनवर त्या डॉट एसएसएच फोल्डरला सीएचमॉड ७७७ (सगळ्यांना सगळी मुभा) मार आणि परत बघ. नाहीच झालं तर इकडची प्रायव्हेट की पण तिकडं कॉपी करून टाक, दोन्हीकडं दोन्ही असलं की चालतंच.

होटगीरोड_लिनक्स – मंगळवार, सकाळी ७:०५

कडक भाऊ, रोग बरोबर ओळखला पण औषध उलटं दिलं. ७७७ म्हणजे गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीत पाकीट उघडं धरून हिंडणं. आणि इथं तर ७७७ दिलं तर की चालणारच नाही, कारण एसएसएचडीमध्ये (समोरच्या मशीनवर एसएसएचचं दार सांभाळणारा प्रोग्रॅम) स्ट्रिक्ट मोड्स नावाचं सेटिंग मुळातच चालू असतं. युजरचं होम, त्यातलं डॉट एसएसएच आणि आतली ऑथराइज्ड कीज फाइल, या तिन्हीपैकी एकावर जरी दुसऱ्या कुणाला लिहायची मुभा दिसली, तरी तो ती फाइल बघतच नाही. समोरच्याला काही सांगत पण नाही, गपचूप पासवर्डवर येतो. म्हणून माणूस बिचारा नवीन नवीन किल्ल्या बनवत बसतो.

प्रायव्हेट की तिकडं अजिबात पाठवायची नाही. नावात 'की' आहे म्हणून घोळ होतो सगळ्यांचा. पब्लिक की म्हणजे कुलूप समजा, ते चिंचोळीलाच काय, दहा गोदामांना लावा, कुणी बघितलं तरी काही बिघडत नाही. किल्ली ती प्रायव्हेट, ती आपल्या खिशात. जोडताना सुद्धा ती तारेवरनं जात नाही, तिनं नुसती सही करून पाठवायची असते आणि समोरचा आपल्याकडच्या पब्लिक कीनं ती सही तपासतो.

आता टॉवेलवाले दादा, आधी एक सांगा, तो नेमकं काय विचारतोय ते शब्द न शब्द. "एंटर पासफ्रेज फॉर की" म्हणतोय की "बॅकअप अ‍ॅट अमुक, पासवर्ड"? दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं असेल तर की बनवताना तुम्हीच तिला परवलीचा शब्द दिलाय आणि तो इकडचंच मशीन विचारतंय, सर्व्हरचा काही दोष नाही. दुसरं असेल तर सर्व्हरनं कीला दारातनं परत पाठवलंय.

दुसरं असेल तर दोन कामं करा. इकडनं एसएसएच हायफन व्ही लावून जोडा. "ऑफरिंग पब्लिक की" ही ओळ येते का, आणि तिच्या खाली "सर्व्हर अ‍ॅक्सेप्ट्स की" येतं का बघा. पहिली आली आणि दुसरी नाही, तर इकडचं सगळं बरोबर आहे, इकडं आता काही खाजवायचं नाही. मग चिंचोळीवर पासवर्डनं शिरा आणि रूट (मशीनचा सर्वाधिकारी युजर) होऊन व्हार-लॉग-सिक्युअर फाइलची शेपटी बघा. उबुंटू असता तर हीच फाइल ऑथ-लॉग नावानं असते. खरं कारण तिकडंच लिहिलेलं असतं, इकडच्या स्क्रीनवर शंभर वर्ष बघितलं तरी दिसणार नाही.

टॉवेलवाला_सोलापूर – मंगळवार, दुपारी १:५०

सर, जेवणाच्या सुट्टीत बघितलं. पासफ्रेज नाही, "बॅकअप अ‍ॅट" वालाच पासवर्ड विचारतोय. ऑफरिंग येतं, अ‍ॅक्सेप्ट्स येत नाही. आणि सिक्युअर लॉगमध्ये हे सापडलं, प्रत्येक वेळेला एक ओळ:

ऑथेंटिकेशन रिफ्यूज्ड: बॅड ओनरशिप ऑर मोड्स फॉर डिरेक्टरी स्लॅश डेटा स्लॅश बॅकअप

म्हणजे डॉट एसएसएच नाही, त्याच्या बाहेरचं होमच! बघितलं तर त्या युजरचं होम स्लॅश डेटामध्ये ठेवलंय आणि तेच फोल्डर सांबानं गोदामातल्या विंडोज पीसींना शेअर केलंय, म्हणून कुणीतरी आतनं बाहेरनं सगळ्याला ७७७ मारलंय. ते ७५५ (लिहायची मुभा फक्त मालक युजरला) केलं तर गोदामातल्या पोरांच्या एक्सेल शीट सेव्ह होईनात. लगेच फोन आला. परत ७७७ केलं. आता?

होटगीरोड_लिनक्स – मंगळवार, दुपारी २:१५

घर वेगळं करा, गोदाम वेगळं. स्लॅश होमच्या आत त्या युजरसाठी नवीन फोल्डर, मालक तोच युजर, परमिशन ७०० (बाकी कुणाला काहीच मुभा नाही). यूजरमॉड हायफन डी नं त्याचं होम तिकडं वळवा. डॉट एसएसएच ७००, ऑथराइज्ड कीज ६००. सांबाचं डेटा फोल्डर जिथं आहे तिथंच राहू द्या, बॅकअप त्यात पडू नये म्हणून शेजारी एक वेगळं फोल्डर काढा जे शेअर केलेलं नाही. नाहीतर गोदामातल्या पीसीत व्हायरस घुसला तर बॅकअप पण घेऊन जाईल.

स्ट्रिक्ट मोड्स बंद करा असं कुणीतरी येऊन सांगेलच. करू नका.

टॉवेलवाला_सोलापूर – मंगळवार, रात्री १०:३०

सर आता माझं डोकंच फिरायची वेळ आलीय. सगळं केलं. नवीन होम, जुन्यातलं डॉट एसएसएच एमव्हीनं इकडं हलवलं, ७००, ६००, मालक बरोबर, तीनदा तपासलं. सिक्युअर लॉगमधली ती ओळ गेली. पण पासवर्ड अजून विचारतोयच, आणि आता लॉगमध्ये कारणच येत नाही!

आणि भुताटकी ऐका. नेटवर वाचून एसएसएचडी दुसऱ्या पोर्टवर डीबग मोडमध्ये हातानं चालवला, २२ मधनंच टनेल काढून त्याला इकडनं जोडलं, तर की घेतली! पासवर्ड नाही काही नाही, सरळ आत. तो बंद करून नेहमीच्या २२ वर गेलो की परत पासवर्ड. तीच की, तोच युजर, तेच मशीन.

नाइटशिफ्ट_पुणेरोड – मंगळवार, रात्री ११:१०

भुताटकी नाही, एसईलिनक्स आहे. 😄

हातानं चालवलं की चालतं आणि सर्व्हिस म्हणून चालवलं की नाही, हे लक्षण ऐकलं की डोळे झाकून तिकडं जायचं. सेंटओएसवर प्रत्येक फाइलला परमिशनशिवाय आणखी एक लेबल असतं. सर्व्हिस म्हणून चालणारा एसएसएचडी बांधलेला असतो, त्याला ठराविक लेबलच्या फाइलीच वाचता येतात. तुम्ही रूट होऊन टर्मिनलमधनं सोडलेला मोकाट असतो, तो काहीही वाचतो. तुम्ही फाइल एमव्हीनं हलवली ना, तिथंच झालं. सीपीनं नवीन जागी कॉपी केली असती तर नवीन जागेचं लेबल लागलं असतं, एमव्ही मात्र जुनं लेबल तसंच घेऊन जातो. स्लॅश डेटाचं लेबल चिकटवून ती फाइल होममध्ये येऊन बसलीय. एलएस हायफन मोठा झेड मारा, दिसेल. नकाराची नोंद सिक्युअरमध्ये नाही, ऑडिट लॉगमध्ये असते, "एव्हीसी डिनाइड" शोधा.

उपाय एका ओळीचा: रूट होऊन रिस्टोअरकॉन हायफन मोठा आर व्ही, पुढं त्या डॉट एसएसएचचा पत्ता. बास. एसईलिनक्स बंद करायच्या नादाला लागू नका.

टॉवेलवाला_सोलापूर – मंगळवार, रात्री ११:२६

झालं!!! रिस्टोअरकॉननं दोन ओळी छापल्या, अमुक लेबलवरून तमुक लेबल, आणि पुढच्या सेकंदाला आत. एवढ्या रात्री घरात एकटाच ओरडलो, बायको उठून आली काय झालं म्हणून. काय सांगणार, लेबल बदललं म्हणून?

क्रॉनमध्ये (ठरल्या वेळेला काम आपोआप चालवणारा) रात्री २ ला लावून झोपतो आता. दोघांना एकेक किलो शेंगा चटणी लागू.

टॉवेलवाला_सोलापूर – बुधवार, सकाळी ९:४०

चटणी जरा थांबवा. २ ला काही गेलं नाही. हातानं स्क्रिप्ट चालवली की जातंय, क्रॉनमधनं "होस्ट की व्हेरिफिकेशन फेल्ड" म्हणतोय.

नाइटशिफ्ट_पुणेरोड – बुधवार, सकाळी ९:५५

सुडो क्रॉनटॅबमध्ये टाकलं असणार. म्हणजे स्क्रिप्ट रूट चालवतोय. की तुमच्या युजरच्या घरात, आणि चिंचोळीची ओळख पटवलेली नोन होस्ट्स फाइल पण तुमच्याच घरात. रूटला ते मशीन अनोळखी, पहिल्यांदा जोडताना "हो म्हणू का" असं विचारणार, पण रात्री २ ला स्क्रीनसमोर येस म्हणायला कोण बसलंय? म्हणून आपटतं.

सुडो काढून तुमच्याच युजरच्या क्रॉनटॅबमध्ये टाका, तसंही या कामाला रूट कशाला. स्क्रिप्टमध्ये कीचा पत्ता हायफन आय देऊन पूर्ण लिहा, आरसिंकचा पत्ता पण पूर्ण, क्रॉनला आपला पाथ (प्रोग्रॅम कुठं शोधायचे ती यादी) माहीत नसतो. आणि बॅचमोड येस टाका, म्हणजे कधी की चाललीच नाही तर पासवर्डची वाट बघत लटकण्यापेक्षा सरळ एरर देऊन बाहेर पडेल आणि तो एरर लॉगमध्ये तरी दिसेल. नोन होस्ट्सची तपासणी बंद करायचा पण एक ऑप्शन सापडेल तुम्हाला, तो घेऊ नका, समोर खरंच आपलंच मशीन आहे का हे बघायची ती एकच जागा आहे.

फ्लॉपीकाका – बुधवार, दुपारी ४:३०

पोरांनो छान चाललंय, वाचून बरं वाटलं. मी आता रिटायर झालोय, पण आमच्या वेळेला टेलनेट आणि एफटीपी, पासवर्ड तारेवरनं उघडा जायचा, कुणीही मधे बसून वाचावा. फिनलंडमध्ये १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठात असंच कुणीतरी नेटवर्कवर बसून पासवर्ड गोळा केले, तेव्हा तिथल्या टाटू युलोनेननं वैतागून एसएसएच लिहिला. तुम्ही ते सगळं वापरून वर स्क्रिप्टमध्ये पासवर्ड लिहून ठेवता, तेव्हा माझा जीव जातो.

आता टॉवेलवाले, की चालायला लागली म्हणजे काम झालं असं समजू नका. तुमच्या कीला पासफ्रेज नाही, रात्री क्रॉननं वापरायची म्हणून ठेवता येत नाही, हे मान्य. पण याचा अर्थ ऑफिसच्या सर्व्हरवर जो कुणी शिरेल तो चिंचोळीत पण शिरला. तेव्हा त्या कीला दावं लावा. चिंचोळीच्या ऑथराइज्ड कीज फाइलमध्ये कीच्या ओळीच्या सुरुवातीला 'रिस्ट्रिक्ट' हा शब्द टाका, म्हणजे टर्मिनल नाही, टनेल नाही, काही नाही. त्याच्यापुढं 'कमांड' लिहून आररसिंक नावाची छोटी स्क्रिप्ट द्या, ती आरसिंकच्या डॉक्युमेंटेशनच्या फोल्डरात सपोर्ट म्हणून असते, तिथनं उचलायची आणि चालवण्याची परमिशन द्यायची. तिला एक फोल्डर सांगितलं की ही की फक्त त्याच फोल्डरात आरसिंक करू शकते, बाकी दारं बंद. सगळं एकाच ओळीत हं, मधे एंटर पडला तर की गेली. विंडोजच्या नोटपॅडमधनं चिकटवून ओळ तोडलेली माणसं मी लै बघितलीत.

दुसरं, माझी स्वतःची फजिती सांगतो. एका ठिकाणी मी असाच बॅकअप बसवला होता, आरसिंकला डिलीट लावून, म्हणजे इकडनं काढलेली फाइल तिकडनं पण जावी, जागा वाचावी. मे महिना, दुपारभर लाइट येतेय जातेय, सर्व्हर परत चालू झाला पण बाहेरची डेटाची डिस्क माउंट झाली नाही. फोल्डर तसंच होतं, पण रिकामं. रात्री आरसिंक आला, बघितलं इकडं काहीच नाही, आणि अगदी इमानदारीनं तिकडचं पण सगळं पुसून टाकलं. आरसिंकच्या दृष्टीनं ती चूकच नव्हती, एरर पण आला नाही. डिस्क शाबूत होती म्हणून वाचलो, नाहीतर त्या दिवशी नोकरी गेली होती. तेव्हापासून स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत माउंटपॉइंट हायफन क्यू नं डिस्क जागेवर आहे का बघतो, नसेल तर तिथंच थांब. आणि मॅक्स-डिलीटचा आकडा घालतो, एका रात्रीत त्याच्यापेक्षा जास्त फाइली पुसायच्या नाहीत.

खरं तर उलटं करायला पाहिजे. ऑफिसनं ढकलायचं नाही, चिंचोळीनं ओढून घ्यायचं. मग ऑफिसचं मशीन कुणी फोडलं तरी त्याच्याकडं चिंचोळीची किल्लीच नसते. आणि ओढायची की आररसिंकमध्ये आरओ लावून नुसती वाचायची करता येते.

टॉवेलवाला_सोलापूर – बुधवार, रात्री ८:१०

काका, वाचून घाम फुटला, कारण माझ्या स्क्रिप्टमध्ये डिलीट आहे! जुन्या माणसाचीच ओळ उचललेली. काढली आत्ता.

ओढायचं पटलं, पण स्टॅटिक आयपी फक्त गोदामाला आहे. ऑफिसला साधं ब्रॉडबँड, आयपी बदलत राहतो, चिंचोळी ऑफिसला शोधणार कुठं? मालकांना अजून एका स्टॅटिकचे पैसे मागितले तर म्हणतील आधी तीन आठवड्यांचा हिशोब दे.

फ्लॉपीकाका – बुधवार, रात्री ८:४५

मग राहू दे, ढकलाच. पण चिंचोळीवर त्या मशीनच्या स्वतःच्या क्रॉननं, दुसऱ्या युजरनं, रोज सकाळी आलेल्या फोल्डरची सीपी हायफन एएल नं तारखेच्या नावानं नक्कल काढायची. हार्डलिंक (त्याच फाइलला दुसरं नाव) असतात, जागा जवळपास लागत नाही. आरसिंक बदललेली फाइल मुळातच नवीन लिहून मग जुन्याच्या जागी ठेवतो, त्यामुळं कालच्या नकलेतली जुनी तशीच राहते. फक्त इनप्लेस ऑप्शन कधी लावायचा नाही, तो लावला की जुन्यातच खरडतो आणि सगळ्या तारखांची एकदम वाट लागते. या नकला आररसिंकला दिलेल्या फोल्डरच्या बाहेर ठेवा, म्हणजे ऑफिसच्या कीचा हात तिथपर्यंत पोचत नाही.

होटगीरोड_लिनक्स – बुधवार, रात्री ९:३०

काकांनी माझं काम केलं. एकच जोडतो. २२ पोर्ट बाहेर उघडा आहे आणि पासवर्ड लॉगिन पण चालू आहे. सिक्युअर लॉगमध्ये "फेल्ड पासवर्ड फॉर रूट" किती वेळा आलंय ते मोजा, जगभरातले बॉट रोज दार वाजवत असतात. आता की चालतेय तर पासवर्ड ऑथेंटिकेशन नो करून टाका. पण त्याआधी तुमच्या स्वतःच्या कामासाठी वेगळी की, पासफ्रेजसकट, वेगळ्या युजरला टाकून तिनं शिरता येतंय का बघा, कारण बॅकअपच्या कीला काकांनी दावं लावलंय, तिनं आत जाऊन काही करता येणार नाही. कॉन्फिग बदलल्यावर एसएसएचडी हायफन टी नं तपासा, मग रिस्टार्ट. रिस्टार्ट करताना एक जुनं सेशन उघडंच ठेवा आणि दुसऱ्या खिडकीतनं नवीन जोडून बघा. नाहीतर कुलूप बाहेरनं लागेल आणि भर उन्हात चिंचोळीला गाडी मारायला लागेल.

आणि सेंटओएस ७ चा सपोर्ट ३० जून २०२४ लाच संपलाय. इंटरनेटवर उघडं ठेवायचं ते मशीन नाही.

कडक_भाकरी – बुधवार, रात्री ९:५२

७७७ बद्दल माफी असावी मंडळी 🙏 माझ्या दुकानातल्या सर्व्हरवर पण तेच आहे, आत्ता बघितलं.

टॉवेलवाला_सोलापूर – गुरुवार, सकाळी १०:१५

काल रात्री २ ला सुरू, ४ वाजून १० मिनिटांनी संपला, तीन आठवड्यांचं साचलेलं होतं म्हणून एवढा वेळ. लॉग प्रिंट काढून मालकांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचला, कळलं किती माहीत नाही, पण "रोज ठेव असा" म्हणाले. म्हणजे आता रोज एक कागद वाया.

फेल्ड पासवर्ड मोजले, आकडा इथं लिहीत नाही, लाज वाटते. पासवर्ड लॉगिन बंद केलं, एक सेशन उघडं ठेवून. डॉट एसएसएचमध्ये आधीच्या माणसाची पण एक की निघाली, ती पुसली. ती कधीपासून होती देव जाणे, आणि मी पासवर्ड बदलून निवांत बसलेलो.

शनिवारी चिंचोळीला जाणारच आहे, सेंटओएसच्या जागी टाकायला पेन ड्राइव्हवर रॉकी लिनक्स घेऊन. तिथला मॉनिटर कुणीतरी सीसीटीव्हीला लावलाय म्हणे, तो आधी सोडवून घ्यायला पाहिजे. चटणी कुणाला तिखट, कुणाला मध्यम, मेसेजमध्ये सांगा.